बसणारी पोर बसायची बंद झाली... मुलं मागे कशाकशामुळे पडतात? अनुभव सांगा

अमळनेरची_लेक | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माहेर अमळनेर, सासर एरंडोल तालुक्यात. मुलगी साडेनऊ महिन्यांची आहे. बाळंतपण माहेरी झालं, दिवस पूर्ण भरलेले, वजन २ किलो ६००, बाहेर आल्या आल्या रडली. दोन महिन्यांची असताना ओळखून हसायला लागली, चौथ्यात मान धरली, सहाव्यात पालथी पडून लोळायची आणि सातव्यात मागे उशी ठेवली की छान बसायची पण. आता महिना दीड महिना झाला, बसवलं की अर्ध्या भरलेल्या गोणीसारखी कलंडते. पालथी पण पडत नाही. पाळण्यात टाकलं की वर पत्र्याकडे बघत पडून राहते, खुळखुळा वाजवला तर बघते पण हात पुढे करत नाही. आधी मिस्टर मळ्यातून आले की गाडीचा आवाज ऐकूनच पाय झाडायची, आता ते पण नाही.

घरात कुणाला काहीच वाटत नाहीये. सासूबाई म्हणतात तुझा नवरा पावणेदोन वर्षांचा झाला तेव्हा चालला, आता बघ कसा पळतो. शेजारणी म्हणतात किती गुणाची पोर आहे, रडणं नाही की त्रास नाही. अंगाने गुटगुटीत आहे म्हणून कुणाला खरंच वाटत नाही. डोक्यावरचे केस भुरे आणि विरळ होत चाललेत तर म्हणे गोरी होणार. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तेव्हा आईच पहिल्यांदा बोलली, ही पोर हसत का नाही गं. तेव्हापासून मला झोप नाही.

माझं काही चुकलं का? ग्रहणात मी विळीवर भेंडी चिरली होती, कुणी पाहिलं नाही म्हणून बोलले नाही कुणाला. सातव्या महिन्यात अंगणात घसरून पडले होते. जो तो वेगळंच सांगतो. ज्यांची मुलं मागे पडली होती त्यांनी सांगा ना, कशामुळे होतं हे?

धुळेकर_७९ | सोमवार, रात्री ११:५८

ताई एवढं टेन्शन घेऊ नका. प्रत्येक पोराचं आपलं घड्याळ असतं. डब्ल्यूएचओने पाच देशांतली निरोगी मुलं बघून आकडे काढलेत, त्यात आपला भारत पण होता. एकटं चालायला कुणी ८ महिन्यांतच लागतं तर कुणी साडेसतरा महिन्यांनी, आणि शंभरात चारेक मुलं रांगतच नाहीत, डायरेक्ट उभी राहतात. माझा भाचा १७ महिने पूर्ण झाल्यावर चालला, आज देवपूरला क्रिकेट खेळतो. थोडं थांबून बघा.

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, सकाळी ६:१५

नाईट करून आलोय, झोपायच्या आधी लिहितो. आमची दोन्ही जुळी ३१ आठवड्यांत झाली, एक १४०० आणि एक १२५० ग्रॅम. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं ते कमी दिवसांचं, आणि जेवढं आधी येईल तेवढा धोका जास्त, फुप्फुसं मेंदू डोळे सगळंच कच्चं असतं. आम्ही पण सातव्या महिन्यात बसत नाहीत म्हणून रडत डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि नऊ आठवडे मागे मोजले. म्हणाले तुमच्या मुलांचं वय पाच महिनेच धरा, दोन वर्षांची होईपर्यंत असंच मोजायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर गाडी नऊ आठवडे आधी सुटली पण टाईमटेबल जुनंच आहे, त्याच टायमाला स्टेशनं येणार.

अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत करायलाच लागते, फार लहान असतील तर त्याच्याही आधी. आमच्या धाकट्याला त्यात लेझर करावं लागलं, वेळेत झालं म्हणून आज दिसतंय त्याला. काचेच्या पेटीतून बाहेर काढल्यावर बायकोने आणि मी आळीपाळीने छातीशी उघड्या अंगाला बांधून ठेवलं, कांगारू पद्धत म्हणतात. माझे वडील बघून हसायचे, रेल्वेचा माणूस पोर बांधून बसलाय म्हणून. हसू द्या.

पण ताई तुमचे तर दिवस भरलेले होते, म्हणून हे गणित तुम्हाला लागू नाही. धुळेकर दादा, थांबून बघा हे मला पटत नाही बुवा.

वाघूरकाठ | मंगळवार, सकाळी १०:०५

थांबून बघा म्हणणाऱ्यांवर माझा जरा राग आहे म्हणून आधीच सांगते, वैयक्तिक घेऊ नका.

माझा मुलगा आता ६ वर्षांचा. जन्माला आला तेव्हा एकदम टणटणीत, ३ किलोचा. मी ओ पॉझिटिव्ह, तो बी पॉझिटिव्ह निघाला, त्याने कावीळ जोरात होऊ शकते हे कुणी सांगितलं नाही. तिसाव्या तासाला घरी सोडलं. दवाखान्याचं नाव घेत नाही, घेऊन आता काय उपयोग. नवजात बाळाची कावीळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वर जाते आणि आम्ही तोवर घरी. चौथ्या दिवशी पोटापर्यंत पिवळा, पाचव्या दिवशी तळपायापर्यंत. सगळे म्हणाले कोवळ्या उन्हात धर. जळगावचा मे महिना, सात वाजताच चटका बसतो, तरी धरला मी गॅलरीत. तो झोपाळू झाला, दूध ओढेना, आम्हाला वाटलं उन्हाने दमला. सहाव्या दिवशी पाठीची कमान करून कर्कश्श रडायला लागला तेव्हा पळालो. रक्तातलं काविळीचं बिलीरुबिन ३४. रक्त बदललं पण तोवर बिलीरुबिन मेंदूत उतरलं होतं.

त्याची बुद्धी चांगली आहे हे आधी सांगते, कारण लोक लगेच वेडा म्हणतात. पण हातपाय मनासारखे चालत नाहीत, वळवळतात, आणि ऐकू येण्याच्या नसेला धक्का बसला. साधी कानाची चाचणी पास झाला होता, बेरा नावाच्या टेस्टमध्ये कळलं. निळ्या लाईटखाली दोन दिवस ठेवला असता तर एवढंच पुरलं असतं. ऊन म्हणजे तो लाईट नव्हे.

तर बाई, उद्याच जा डॉक्टरकडे. एवढंच सांगायला आले होते, लांबलं.

जुनी_नर्सबाई | मंगळवार, दुपारी २:३०

लेकी, तुझी पोस्ट दोनदा वाचली. ३१ वर्षं नोकरी केली, अर्धी सातपुड्यात आणि अर्धी पारोळ्याकडे, त्या जोरावर सांगते. मी डॉक्टर नाही आणि मोबाईलवर बसून निदान कुणी करू नये. पण एक फरक समजून घे. उशिरा येणं वेगळं आणि आलेलं जाणं वेगळं. उशिरा येणाऱ्या मुलाचं बघू म्हणता येतं, तेही मर्यादेत, कारण धुळेकर भाऊंनी जो अभ्यास सांगितला त्यातच बिनआधाराने बसायची शेवटची हद्द ९.२ महिने आहे. पण जे येत होतं ते गेलं, मग ते बसणं असो हसणं असो की काकाबाबा करणं असो, तर कोणत्याही वयात एक दिवस थांबायचं नाही.

ग्रहण मनातून काढून टाक, भेंडीने काही होत नाही. अंगणात घसरलीस, त्यानंतर पोट दुखलं नाही रक्त गेलं नाही, पोर जन्मल्यावर रडली, मग त्याचंही काही नाही.

आता मला हे सांग. पोर पांढरी फटक दिसते का, तळहात बघ. बोटांच्या पेरांवर काळपटपणा आलाय का, वरच्या बाजूने सांध्यांवर? हात किंवा जीभ थरथरते का? वरचं काय खाते? आणि तू काय खातेस, गरोदर होतीस तेव्हा काय खाल्लंस, खरं सांग, लाजू नको. थायरॉईडची टेस्ट जन्मल्यावर झाली होती का?

थायरॉईडचं का विचारलं तेही सांगते. काही बाळांना जन्मतःच ही गाठ नसते किंवा काम करत नाही. बाळ अगदी शांत, झोपाळू, संडासला घट्ट, रडणं घोगरं, जीभ जाड, बेंबी फुगलेली. माझ्या एका गावात असं बाळ होतं, आजी कौतुकाने सांगायची की आमचा कान्हा रडतच नाही. चार महिन्यांनी कळलं. जन्मानंतर तिसऱ्या चौथ्या दिवशी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉईडचं टीएसएच बघितलं आणि पहिल्या पंधरा दिवसांत गोळी सुरू केली तर मूल बहुतेक चारचौघांसारखं वाढतं. रोज एक बारकी गोळी, तीही स्वस्तातली. पण शांत बाळाला कोण दवाखान्यात नेतं? आपल्याकडे शांत मूल म्हणजे नवसाचं.

कानबाईनी_लेक | मंगळवार, दुपारी ४:१०

बहिन, तू घाबरू नको पन वाट बी नको देखू. पोर हासत नही म्हनजे काहीतरी शे. तिले उद्याच दवाखानामा लई जाय.

आणि एक विचारू का, काजळ घालता का गं डोळ्यात? घरचं असलं तरी माझी बहीण म्हणते नको, ती पुण्याला आहे. बाजारच्या काजळ सुरम्यात शिसं सापडतं आणि शिसं मेंदूला वाईट. आमच्याकडे तर पाचवीपासून पोराचं तोंड कुस्तीगिरासारखं रंगवतात. घुटीत मध पण घालू नये म्हणे वर्षाच्या आत.

अमळनेरची_लेक | मंगळवार, रात्री ९:२०

नर्सबाई, तुम्हाला कसं कळलं????

बोटांची पेरं काळी आहेत. दोन महिन्यांपासून. सासूबाईंना वाटतं मळ बसलाय म्हणून रोज अंघोळीला हळद आणि बेसन लावून एकेक बोट घासतात, पोर कुरकुर पण करत नाही. काल तर लिंबू लावलं. आणि तळहात पांढरे आहेत, मी आता माझ्या हाताशेजारी ठेवून बघितले, रडू आलं मला. थरथर नाही दिसत.

वरचं म्हणजे वरणाचं पाणी आणि भाताची पेज, कधी केळं कुस्करून. ती गिळतच नाही, जीभ बाहेर काढते, म्हणून अंगावरचंच चालू आहे मुख्य. थायरॉईडची टेस्ट झाल्याचं आठवत नाही, कार्डावर पण नाही लिहिलेलं.

माझं खाणं म्हणजे, आमचं माळकरी घर आहे, कांदा लसूण चालतो पण अंडं मटण नाही. दोन म्हशी आहेत पण दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं राहतं. दही लावतात, ते सासरे आणि मिस्टर मळ्यात जायच्या आधी जेवतात तेव्हा. मला कुणी नाही म्हणत नाही हं, पण शेवटी बसते तोवर उरत नाही. गरोदरपणात दुधाचा वास आला की उलटी व्हायची म्हणून चहा पण कोराच घ्यायचे. लोहाच्या गोळ्या घेतल्या सगळ्या.

जुनी_नर्सबाई | मंगळवार, रात्री ९:४५

उद्या सकाळी पहिल्या गाडीने बालरोगतज्ज्ञांकडे जा. भुरे विरळ केस, फिकी पोर, काळी पेरं, हसणं गेलेलं, गुटगुटीत पण मंद, अंगावरच्या दुधावर असलेली आणि आई दूधदुभतं न घेणारी. हे सगळं एकत्र आलं की आम्हाला शिकवलेलं एकच नाव आठवतं, बी-१२ ची कमी. खरं काय ते रक्त सांगेल, दुसरं काही निघू शकतं. पण डॉक्टरांना हे सगळं याच क्रमाने सांग, पेरांचं विसरू नको, आणि थायरॉईडचंही करून घ्या म्हण.

कसं होतं ते ऐक. बी-१२ झाडपाल्यात नसतं. डाळीत नाही, पालेभाजीत नाही, केळ्यात नाही. दूध, दही, अंडी, मांसमच्छी यातच. आईच्या अंगात साठा कमी असला तर पोटातल्या बाळाला कमी जातो आणि मग अंगावरच्या दुधातही कमीच उतरतो. जन्मतः बाळ चांगलं दिसतं, चार सहा महिने गाडी रेटली जाते आणि मग सहाव्या महिन्यानंतर एकदम सगळं मंदावतं. मेंदूतल्या नसांवर जे वेष्टण चढतं ना वायरीवर असतं तसं, ते चढायला बी-१२ लागतं. रक्त तयार व्हायलाही तेच. आणि मूल मंदावलं की वरचं खात नाही, खात नाही म्हणून आणखी मंदावतं. तुझी पोर जीभ बाहेर काढते ते नखरे नाहीत.

दोन गोष्टी करू नको. मेडिकलवरून स्वतः इंजेक्शन आणून टोचून घेऊ नको. आणि रक्त कमी आहे म्हणून कुणी नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर आधी बी-१२ बघा म्हणून विचार, कारण बी-१२ कमी असताना एकटं फॉलिक दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

अंगावर पाजणं बंद करू नको. दूध वाईट नाही तुझं, साठा रिकामा आहे.

सात्विक_आहार | बुधवार, सकाळी ८:००

म्हणजे आता शाकाहारी लोकांची मुलं मतिमंद होतात असं म्हणायचंय का? आमच्या सात पिढ्या शाकाहारी आहेत, सगळे शिकलेले आहेत. उगाच घाबरवू नका लोकांना.

जुनी_नर्सबाई | बुधवार, सकाळी ८:२०

मी स्वतः माळकरी आहे दादा, गळ्यात माळ घालून नोकरी केली. सात पिढ्यांनी ताक दही दूध खाल्लं म्हणून निभावलं. घरात दोन म्हशी आणि सुनेचा चहा कोरा, याला शाकाहार म्हणत नाहीत. वाटी बाईपर्यंत पोचली पाहिजे एवढंच, आणि नाहीच पोचली तर गोळी मिळते.

धुळेकर_७९ | बुधवार, सकाळी ९:१०

नर्सबाई बरोबर आहात. मी काल घाईत लिहिलं, ती पोर आधी बसायची हे वाचलंच नाही नीट. ताई सॉरी.

केळीची_बाग | बुधवार, सकाळी ११:३५

रावेरहून. विषय निघालाच आहे तर आमचं सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. आमच्या लेकाला सात आठ महिन्यांपासून काहीही दिलं की डाव्या हातानेच घ्यायचा. समोर केळं धरा, डावा हात. उजवीकडून धरा, तरी अंग वळवून डावाच. आमच्या आबांना काय आनंद, नातू डावखुरा, डावखुरे हुशार असतात. व्हिडिओ काढून अख्ख्या भाऊबंदकीला पाठवले. उजव्या हाताची मूठ मात्र कायम मिटलेली, अंगठा आत. कुणाच्या लक्षात आलं नाही, मी बाप असून माझ्या नाही.

पुण्याहून मेहुणीचा नवरा आला होता, फिजिओथेरपी शिकलेला, त्याने पाच मिनिटं खेळवलं आणि गप्प झाला. मग मला बाहेर ओट्यावर घेऊन सांगितलं, वर्षाच्या आत मूल डावं उजवं ठरवत नाही, दोन्ही हात सारखे चालवतं, एकच वापरतंय म्हणजे दुसऱ्यात काहीतरी आहे. एमआरआय केला तर जन्माच्या आसपास कधीतरी मेंदूच्या एका बाजूला रक्तपुरवठा थांबून गेलेला. मोठ्या माणसाला पॅरालिसिसचा झटका येतो तसा, बाळाला पण येतो हे मला तेव्हा कळलं.

आता थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे रोज थोडा वेळ चांगल्या हातावर मोजा चढवून उजव्या हाताने खेळवतो. घाम काढतो पोरगा. परवा उजव्या हाताने केळ्याचा अर्धा तुकडा तोंडापर्यंत नेला, कानात पण गेला थोडा. आबांनी त्याचा पण व्हिडिओ काढला.

सातपुडा_पायी | बुधवार, रात्री १०:५०

मी धडगावकडे शिक्षक आहे. वरचे सगळे अनुभव वाचले, तुमच्याकडे निदान डॉक्टरपर्यंत जायला पहिली गाडी तरी आहे.

आमच्याकडे दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला आणि गुजरातमध्ये मजुरीला जातात ती होळीला येतात. सहा सात महिन्यांचं पोर बरोबर जातं. उसाच्या फडात दोन बांबूंना लुगडं बांधून झोळी, त्यात पोर, आणि सांभाळायला सात वर्षांची बहीण, जी खरंतर माझ्या दुसरीच्या वर्गात असायला पाहिजे. सकाळी पाजलं की मग आई मोळ्या टाकून येईल तेव्हा. झोळीतलं पोर चहूबाजूंनी लुगडंच बघतं, जमिनीवर पालथं टाकावं तर पाचटात विंचूकाटा. कोण बोलणार त्याच्याशी दिवसभर? मूल बोलण्याने आणि खेळण्याने पण वाढतं, नुसत्या खाण्याने नाही. आणि खाणं तरी कुठे, आईच अठराची नसते कधीकधी, तिच्याच अंगात रक्त नाही, पोर दोन किलोचं. लसीचा डोस चुकतो, अंगणवाडीच्या वजनाच्या दिवशी पोर दुसऱ्याच राज्यात असतं. त्यात आमच्या भागात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे, आईबाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता आजार उतरायची.

एक कारण शोधायला गेलं की सापडत नाही कारण पाच कारणं एकावर एक बसलेली असतात. होळीला परत आलेलं पोर उभं राहत नाही तेव्हा मोठ्या माणसांना विचारलं तर सांगतात, कमजोर आहे, चालेल.

भुसावळ_जंक्शन | गुरुवार, सकाळी ७:००

सर, तुमची पोस्ट वाचून ड्युटीवर जायची इच्छा होईना. रोज स्टेशनवर बघतो हो हीच माणसं, गाठोडं आणि झोळी घेऊन बसलेली.

वाघूरकाठ | गुरुवार, दुपारी १:१५

आमच्या सोसायटीत याच्या उलट. एसी खोली, आया, आणि भरवताना समोर मोबाईल. आठ महिन्यांचं पोर घास कशाचा हे न बघता तोंड उघडतं. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हणते पण सांगायला गेलं तर मलाच ऐकवतात, तुझ्या पोराला कुठे मोबाईल दिला होता. गप्प बसते मग.

आणि वॉकर. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे, आपल्याकडे बारशाला भेट देतात.

सरांना विचारायचंय, तुमच्याकडे ते मुलं तपासणारं सरकारी आरबीएसकेचं पथक येतं का?

सातपुडा_पायी | गुरुवार, रात्री ९:३०

येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ ला आपल्या पालघरातूनच सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं. वाढीत मागे असलेलं मूल सापडलं तर पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, डीईआयसी म्हणतात त्याला, तिथे थेरपी, कान, डोळे एका ठिकाणी बघायची सोय करायची अशी योजना आहे, फुकट. ज्यांना माहीत नाही त्यांनी आशाताईला विचारा. पथकातली माणसं चांगली आहेत पण ती ज्या दिवशी येतात त्या दिवशी पोर पाड्यावर असायला लागतं ना.

कानबाईनी_लेक | शुक्रवार, सकाळी ११:००

आशाताईवरून आठवलं, सहा महिन्यांनंतर लोहाचं सिरप देतात ना, आठवड्यातून दोनदा एक एक मिली, ते आमच्या शेजारीण बाईने संडास काळी होते म्हणून फेकून दिलं. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या पाच वर्षांच्या आतल्या शंभरातल्या ६७ पोरांच्या अंगात रक्त कमी निघालं. काळी झाली तर होऊ द्या की.

अमळनेरची लेक कुठे गेली? काही कळलं का गं?

अमळनेरची_लेक | शनिवार, रात्री १०:१५

आले आले. तीन दिवस ॲडमिट होतो. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. बी-१२ माझ्या बाळाचं ९६ आणि माझं १३८, डॉक्टर म्हणाले दोनशेच्या वर तरी पाहिजे. थायरॉईड नॉर्मल, कान नॉर्मल. डोक्याचा घेर मोजला, तो थोडा कमी भरला. त्यांनी पोरीची बोटं बघून लगेच ओळखलं, आणि मी पेरांचं आधीच सांगितलं तर वर बघून म्हणाले कुणी सांगितलं तुम्हाला. नर्सबाई, मी म्हटलं आमच्या एक मावशी आहेत.

इंजेक्शनं सुरू झालीत. मिस्टर गप्प आहेत एकदम. सासूबाईंनी हळदीची वाटी उचलून माळ्यावर टाकली. मला एकटीला गाठून म्हणाल्या, मी रोज घासत होते गं तिला. मी काय बोलणार, मी पण बघतच होते ना.

अमळनेरची_लेक | पुढचा गुरुवार, पहाटे ५:३०

हसली!!!! काल संध्याकाळी. गाडीचा आवाज आला आणि पाय झाडले. पण आता नवीनच सुरू झालंय, हात आणि हनुवटी थरथरतेय, जागी असली की. झोपली की थांबतं. इंजेक्शनने बिघडलं का? डॉक्टरांचा फोन सकाळी लागेल, तोवर कुणी जागं आहे का

जुनी_नर्सबाई | गुरुवार, पहाटे ५:४२

जागी आहे. काकडा ऐकत होते. बी-१२ सुरू केल्यावर काही मुलांत अशी थरथर येते किंवा वाढते, हे माहीत असलेलं आहे, औषध चुकलं असं नाही. बहुतेक काही आठवड्यांत कमी होत जाते. पण दूध ओढते का, डोळे फिरवते का, अंग ताठ करते का ते बघ. तसं काही झालं तर लगेच उचलून न्या, नाहीतर दवाखाना उघडल्या उघडल्या दाखवा. व्हिडिओ काढून ठेव, डॉक्टरांना कामी येतो.

अमळनेरची_लेक | अडीच महिन्यांनी, रविवार

धागा वर काढतेय, खूप जणांनी विचारलं होतं. थरथर पाच आठवडे चालली, त्याला वेगळं औषध दिलं होतं, आता बंद. पोर बिनआधाराने बसते, कालपासून ढुंगणावर सरकत चुलीपर्यंत जाते म्हणून चूल ओट्यावर घेतली. रक्त ११ च्या वर आलं. बाजरीच्या पिठाची पेज दुधात घालून खाते, वरण भाताला तूप. केस काळे उगवतायत मुळाशी, वरचे भुरे तसेच, दोन रंगी दिसते.

सगळंच झालं असं नाही. बोलणं मागे आहे, नुसतं ऊं ऊं करते, बाबा मामा नाही. टाळ्या वाजवत नाही अजून. डॉक्टर म्हणाले मेंदूला जेवढे महिने कमी पडले ते सगळे भरून निघतील असं आत्ता सांगता येत नाही, दर दोन महिन्यांनी बघू. जिल्ह्याला थेरपीला नेतो पंधरा दिवसातून, जायचा यायचा अख्खा दिवस जातो. तिथे वाघूरकाठ ताईंसारख्या बऱ्याच जणी भेटल्या, बाकावर बसून आम्ही एकमेकींच्या पोरांना खेळवतो.

कालच घरातली एक गंमत. दह्याची वाटी सासऱ्यांच्या ताटात जायच्या आधी सासूबाई मला हाक मारतात, उभ्याने खा म्हणतात, माझ्यासमोर. सासरे विचारतात आज दही लागलं नाही का. तर म्हणतात म्हैस आटली.

जुनी_नर्सबाई | रविवार, रात्री ८:०५

म्हैस आटली हे फार आवडलं. तुझ्या स्वतःच्या इंजेक्शनांचा कोर्स पुरा केलास का?

अमळनेरची_लेक | रविवार, रात्री ८:१२

दोन राहिलेत. पोरीच्या गडबडीत जमलंच नाही. या आठवड्यात नक्की.

जुनी_नर्सबाई | रविवार, रात्री ८:१३

उद्या.

अमळनेरची_लेक | रविवार, रात्री ८:२०

हो मावशी. उद्या.